स्टेंट बसला म्हणजे आजार संपला?

जालना, बीड, परभणीहून छत्रपती संभाजीनगरला ‘अँजिओ’साठी आलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘ब्लॉकेज किती टक्के?’ ८० म्हणजे उद्याच झटका आणि ४० म्हणजे काळजी नाही, असा त्यामागचा समज. पण कमी अडथळ्याची जागाही घात करते. रक्तवाहिनीच्या भिंतीतला चरबीचा थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि वाट बंद होते. म्हणून ४० टक्केवाल्यालाही गोळ्या घ्याव्या लागतात, तंबाखू सोडावीच लागते.

‘ब्लॉकेज दिसलं ना, मग आजच काढून टाका,’ हाही हट्ट असतो. झटका आलेला असेल तर घाई हवीच, कारण हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. पण जिना चढताना छाती भरून येते, थांबलं की उतरते आणि महिनोन्‌महिने तसंच चाललंय, तर विचाराला वेळ असतो. ३७ देशांतल्या ५,१७९ रुग्णांच्या ‘इस्केमिया’ चाचणीत औषधांच्या जोडीला सुरुवातीलाच अँजिओप्लास्टी (म्हणजे स्टेंट बसवणं) किंवा बायपास करूनही मृत्यू आणि झटके लक्षणीय घटले नाहीत. छातीतलं दुखणं मात्र जास्त आटोक्यात आलं. हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदय फार अशक्त झालेले रुग्ण त्यात नव्हते, त्यांचा निर्णय वेगळा.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज स्टेंट बसल्यानंतरचा. स्टेंट ही धातूची बारीक जाळी, तिच्या तारा जेमतेम केसाएवढ्या जाड. बसवली तेवढीच जागा ती उघडी ठेवते. बाकीच्या वाहिन्यांतला आजार तसाच राहतो. जाळीवर आतून पेशींचं अस्तर चढायला काही महिने जातात, तोवर उघड्या धातूवर गुठळी धरू शकते. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण ६ ते १२ महिने देतात आणि त्यातली एक पुढेही चालू ठेवतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा दात काढायचा म्हणून त्या परस्पर बंद करणं जिवावर बेतू शकतं. आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

लसूण, आलं, लिंबू आणि व्हिनेगरच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळत नाही. त्यासाठी गोळ्या सोडू नका.

खर्चाच्या धास्तीने तपासणीच टाळणारेही पुष्कळ. औषध लावलेला स्टेंट पूर्वी लाखाच्या वर जायचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने त्याची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. संभाजीनगरच्या सरकारी घाटी रुग्णालयात किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या खासगी रुग्णालयात रेशनकार्ड घेऊन आधी योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला भेटा.

आणि शेवटचा गैरसमज पित्ताचा. छातीवर दाब, दरदरून घाम, जबड्यात किंवा हातात कळ आली की आपल्याकडे पित्त समजून सोडा पितात. मधुमेहींना आणि बायकांना कधी कधी नुसता दम लागतो, छातीत दुखतही नाही. अशा वेळी दुचाकीवर बसू नका, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. वैजापूर-कन्नडकडच्यांनी शहर गाठायची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथे मिळालं, तर पुढचा प्रवास कमी धोक्याचा होतो.