फळ्यावरचा आंबा, ग्लासातला ऋतू

एप्रिल सरत आला की पुण्या-मुंबईतल्या मायक्रोब्रुअरींच्या फळ्यावर खडूने ‘मँगो’ लिहिले जाते. फळ्याखाली बसलेल्या मंडळींपैकी निम्म्यांच्या मनात तेव्हा आमरस असतो. प्रत्यक्ष ग्लास येतो तो जवळपास कोरडा, किंचित आंबूस, आणि आंबा कुठे तरी मागे, पुसटसा. ‘यात आंबा आहे कुठे?’ हा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. आंबा असतो, फक्त त्यातली साखर यीस्टने संपवलेली असते. आंब्याचा रस किण्वनाच्या टाकीत पडला की त्यातल्या ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोजचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. गोडी जाते, उरतो तो गंध. आणि मेंदूची गंमत अशी की गोडीची साथ सुटली की तोच गंध त्याला निम्माही वाटत नाही. ज्याला हे ठाऊक असते तो ग्लास आधी नाकाशी नेतो आणि मग त्याला आंबा सापडतो. त्यातही थोडी फसगत असते. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांमध्ये मिरसीन नावाचे सुगंधी संयुग भरपूर असते आणि ते आंब्यातही असते. त्यामुळे काही बिअरना एक फोडही न घालता आंब्याची झाक येते.

महाराष्ट्रात हा प्रकार नवा आहे. राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी पुण्यात सुरू झाली ती २००९ मध्ये. उन्हाळ्यात आंबा, पावसाळ्यात गडद आणि भाजक्या चवीची, हिवाळ्यात मसाल्याची, असे चक्र आता रुळू लागले आहे. याला कोणी विक्रीची क्लृप्ती म्हणेल, आणि काही ठिकाणी ती असतेही. पण बिअर आणि ऋतू यांचे नाते विक्रीच्या कितीतरी आधीचे. त्याचे मूळ आहे बिअर नासण्यात.

सोळाव्या शतकातल्या बव्हेरियात, म्हणजे आजच्या दक्षिण जर्मनीत, उन्हाळ्यात गाळलेली बिअर हमखास आंबत असे. जिवाणू ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती. उन्हाळ्यात बिघडते आणि थंडीत टिकते, एवढे मात्र सगळ्यांना माहीत होते. १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानात बिअरसाठी बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढेच तीन घटक सांगितले आहेत. ज्याच्यावाचून बिअर होतच नाही, त्या यीस्टचा त्यात उल्लेखही नाही. १५५३ मध्ये आणखी एक हुकूम निघाला: बिअर गाळायची ती फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळात. उन्हाळाभर भट्ट्या बंद.

मग उन्हाळ्यात प्यायचे काय? मार्चमध्ये जास्त धान्य आणि जास्त हॉप्स घालून थोडी कडक बिअर करायची आणि ती तळघरात साठवायची. अल्कोहोल आणि हॉप्स ही दोन्ही जिवाणूंना रोखणारी. लोणच्यात मीठ-तेल सढळ हाताने घालण्यामागचे शहाणपण तेच. तळघर गार राहावे म्हणून गोठलेल्या तळ्यांवरून बर्फाच्या लाद्या कापून आणत, वर खडी पसरत आणि सावलीसाठी रुंद पानांचे चेस्टनट लावत. त्या सावलीत लोक बसू लागले आणि त्यातून म्युनिकच्या बिअर गार्डन तयार झाल्या. मार्चच्या या बिअरचे नावच ‘मेर्त्सेन’, म्हणजे मार्चवाली. शरद ऋतूत नव्या हंगामाची तयारी सुरू झाली की पिंपे रिकामी करण्यासाठी उरलेली मेर्त्सेन संपवली जाई. १८१० मध्ये एका राजपुत्राच्या लग्नानिमित्त सुरू झालेल्या ऑक्टोबरफेस्टशी पुढे हीच तांबूस बिअर जोडली गेली. उन्हाळ्यातली बंदी १८५० मध्ये उठली. दोन-अडीच दशकांत कार्ल फॉन लिंडे यांचे शीतकरण यंत्र आले आणि ऋतूची सक्तीच संपली. सवय मात्र राहिली.

या थंडीच्या सक्तीने आणखी एक काम केले, तेही कोणाच्या नकळत. साधे बेकरीचे यीस्ट उबेत खूश असते, थंडीत सुस्तावते. बव्हेरियाच्या गार तळघरांत टिकले ते वेगळेच यीस्ट, सात-आठ अंशांतही संथपणे काम करणारे. आज जगात सर्वाधिक खपणारी लागर बिअर त्याच्याच जिवावर चालते. हे यीस्ट संकरित आहे हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते: एक पालक नेहमीचा, दुसरा अज्ञात. तो दुसरा पालक २०११ मध्ये सापडला, तोही युरोपात नव्हे तर अर्जेंटिनाच्या पॅटागोनियात, बीचच्या जातीच्या झाडांवर वाढणाऱ्या गोडसर बुरशीच्या गाठींत. त्याची जनुके लागर यीस्टच्या संबंधित भागाशी ९९.५ टक्के जुळली. पण लागर तर कोलंबसाच्या आधीपासून होत होती, मग पॅटागोनियाचे यीस्ट जर्मनीत पोहोचले कसे? तिबेटमधून २०१४ मध्ये आणखी जवळचे नातेवाईक मिळाले आणि २०२२ मध्ये हेच यीस्ट आयर्लंडच्या मातीतही आढळले. म्हणजे पाहुणा बहुधा युरोपातच होता. कोणी शोधले नव्हते.

बाकीच्या ऋतूंच्याही कथा आहेत. बेल्जियमच्या वालोनियातली ‘सेझाँ’ (या फ्रेंच शब्दाचा अर्थच हंगाम) थंडीत करून ठेवत आणि उन्हाळ्यात शेतावरच्या मजुरांना देत. उपासाच्या काळात ख्रिस्ती मठांत दाट, पोटभरीची बिअर करत. आजची ‘डॉपेलबॉक’ त्याच वंशातली. सप्टेंबरमध्ये हॉप्सची तोडणी होते तेव्हा ओली, न वाळवलेली फुले घालून केलेली बिअर वर्षातून एकदाच मिळते. ही फुले तोडल्यापासून सुमारे दिवसाच्या आत वापरावी लागतात, त्यामुळे भारतात हा प्रकार अवघडच. आपल्याकडे हॉप्स थोडे पिकतात ते हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. बाकी आयात होतात.

आता चव. ‘चिल्ड’ या शब्दाचा आपल्याकडे एवढा दबदबा आहे की बर्फाच्या भांड्यातून थेट ग्लासात हीच बिअरची व्याख्या होऊन बसली आहे. कोरड्या घशासाठी ते ठीक. पण सुगंधी रेणू हवेत उडाले तरच नाकाला कळतात आणि थंडीत ते द्रवातच दबून राहतात. गोडी ओळखणाऱ्या पेशींतली एक वाहिनीही तापमानावर चालते. गारठ्यात तिचा प्रतिसाद मंदावतो. साधी फिकट लागर पाच-सहा अंशांवर छान लागते, पण गडद, माल्टची बिअर दहा-बारा अंशांवर उघडते. उपाय सोपा आहे: ग्लास दहा मिनिटे तसाच राहू द्यावा.

नाक दोन वाटांनी काम करते. एक समोरून, हुंगताना. दुसरी मागून, घोट गिळल्यावर घशातून नाकात चढणाऱ्या हवेतून. आपण ज्याला ‘चव’ म्हणतो त्यातला मोठा भाग या मागच्या वाटेने येतो. सर्दीत पिठले बेचव लागते ते त्यामुळेच. म्हणून छोटा घोट, तो जिभेवर फिरवणे, गिळणे आणि मग नाकाने श्वास सोडणे, एवढे केले तरी साध्या बिअरमध्येही बरेच काही सापडते. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये केळे आणि लवंग येते. दोन्ही घातलेली नसतात, ते यीस्टचे काम. आयसोअॅमिल अॅसिटेट हे संयुग यीस्टही बनवते आणि पिकलेले केळेही. बेल्जियन गव्हाच्या बिअरमध्ये मात्र खरोखरच धणे आणि संत्र्याची साल घालतात. मराठी स्वयंपाकघरात वाढलेल्या नाकाला ते धणे परक्या चाखणाऱ्याच्या आधी सापडतील. कडू चव जिभेच्या मागच्या भागातच कळते, हे शाळेतले चित्र मात्र विसरावे. ती जिभेवर सगळीकडे कळते.

फेस हा शोभेचा नाही. धान्यातली प्रथिने आणि हॉप्सची कडू द्रव्ये मिळून तो धरतात आणि सुगंध वर आणतात. ग्लासाला तेलकट बोट किंवा लिपस्टिक लागली की तो बसतो. चखण्याचेही असेच आहे. खाऱ्या शेंगदाण्यांतले मीठ कडवटपणा दाबते, म्हणून ते बिअरबरोबर चालतात. अतितिखट मात्र जास्तच झोंबते, कारण मिरचीने चेतवणारे संवेदक अल्कोहोलने आणखी हळवे होतात. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात राहिली तर तिला उग्र, गंधकी वास येतो. तो हॉप्सच्या द्रव्यांवर प्रकाश पडून तयार होतो. तपकिरी काच तेवढ्यासाठीच.

इथवर सगळे नाकाचे आणि जिभेचे. यकृताचा हिशेब वेगळा चालतो, आणि ऋतूच्या बिअरमध्ये तो हमखास चुकतो. कारण लोक ग्लास मोजतात, शरीर ग्रॅम मोजते. अल्कोहोलचे ग्रॅम काढायला मिलिलिटर गुणिले टक्केवारी गुणिले ०.७९ एवढे पुरते. पाच टक्क्यांची ५०० मिली बिअर म्हणजे सुमारे २० ग्रॅम. सात टक्क्यांची बॉक तेवढीच घेतली तर २८ ग्रॅम. आपल्याकडची आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ची ६५० मिलीची बाटली ४१ ग्रॅम. ऑक्टोबरफेस्टमधला सहा टक्क्यांचा एक लिटरचा मग ४७ ग्रॅम.

चव घेण्यासाठी मिळणारे चार छोटे ग्लास निरुपद्रवी दिसतात. पण प्रत्येकी १५० मिली धरले तर ते ६०० मिली होतात आणि सरासरी सहा टक्क्यांनी २८ ग्रॅम. मोटार वाहन कायद्यानुसार वाहन चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल हा गुन्हा आहे. सत्तर किलोच्या पुरुषाने साध्या बिअरचा एकच मोठा ग्लास भरभर संपवला तर कागदावरचे गणित चाळीसच्या आसपास जाते. स्त्रियांमध्ये शरीरातले पाण्याचे प्रमाण कमी असल्याने त्याहून वर. उतरण्याचा वेग तासाला साधारण १५ मिलिग्रॅम; लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही तो वाढत नाही. म्हणजे ‘फक्त चाखायला’ गेलेल्यांपैकी ज्याच्याकडे गाडीची किल्ली आहे त्याने चाखूही नये, हे उपदेश म्हणून नव्हे तर अंकगणित म्हणून.

‘थोडी बिअर तब्येतीला चांगली’ हे वाक्य आता मागे पडले आहे. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मद्याला १९८८ मध्येच पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्या पंगतीत बसवले. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटले. हातभट्टी असो की हस्तकलेची बिअर, इथेनॉल एकच.

बिअरचा स्वतःचा असा एक दोष आहे: गाऊट. ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली आलेल्या अभ्यासात ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १२ वर्षे मागोवा घेतला होता. त्यात बिअरने गाऊटचा धोका कडक मद्यापेक्षाही जास्त वाढलेला दिसला. वाइनच्या माफक सेवनाने तसा वाढलेला दिसला नाही. बिअरमध्ये यीस्ट आणि धान्यातून आलेली प्युरिन असतात आणि त्यांचे शेवटी यूरिक अॅसिड होते. ज्याचा पायाचा अंगठा एकदा रात्री ठणकला आहे, त्याला हे अधिक सांगायला नको. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर मद्यानंतर काही तासांनी, बहुधा झोपेत, धोकादायक खाली जाऊ शकते.

आणखी एक धोका कमी लोकांना माहीत आहे आणि तो ताज्या, नळाच्या बिअरशीच निगडित आहे. पाश्चरीकरण न केलेल्या बिअरमध्ये टायरामिन हे द्रव्य बाटलीतल्या बिअरपेक्षा बरेच जास्त असू शकते. एरवी शरीर ते निमूट पचवते. पण औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात जे लिनेझोलिड दिले जाते, ते हे पचन अंशतः अडवते आणि रक्तदाब एकदम चढू शकतो. नैराश्यावरची काही जुनी औषधे तर ते जवळपास पूर्णच रोखतात. लिनेझोलिडच्या माहितीपत्रकात टाळायच्या पदार्थांत नळाची बिअर नावानिशी असते. क्षयाच्या इतर औषधांबरोबरही मद्य यकृताला जड जातेच. तेव्हा उपचार चालू असेपर्यंत ग्लास दूर ठेवणे हेच योग्य.

ज्यांना गंधाची हौस आहे आणि अल्कोहोल नको, त्यांच्यासाठी जर्मनीत मोसमी बिअरही अल्कोहोलविरहित मिळू लागल्या आहेत, तिथे ०.५ टक्क्यापर्यंतच्या बिअरला तसे म्हणता येते. आपल्याकडे निवड अजून तोकडी आहे. पण कोणत्याही मायक्रोब्रुअरीत दोन गोष्टी विचारायला हरकत नसते: टक्केवारी किती, आणि ही पिंपे भरली कधी. पहिल्याचे उत्तर फळ्यावर लिहिलेले असायला हवे. दुसऱ्याचे सहसा नसते, आणि आंब्याच्या बाबतीत तेच जास्त महत्त्वाचे. फळाचा गंध सगळ्यात आधी उडतो. एप्रिलमध्ये भरलेल्या टाकीतला आंबा जूनच्या पहिल्या पावसापर्यंत नाकालाही सापडत नाही, आणि तोवर फळ्यावर खडूने दुसरेच नाव चढलेले असते.