पाण्यासाठी खोदलेली खाण

खानदेशात डोंगर चढताना वाटेत जुन्या खाणी लागतात, असे सांगितले तर सहसा कोणी विश्वास ठेवणार नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून हा मुलूख घडला आणि त्या काळ्या कातळात खणून काढावी अशी धातूची शीर नाही. सोनगीरच्या तांबटांनी भांड्यांत नाव कमावले, पण तांबे त्यांना बाहेरूनच आणावे लागले. तरीही अमळनेरहून धुळ्याला आणि तिथून मुंबई-आग्रा रस्त्याने लळिंगला जाऊन किल्ला चढणारा माणूस सोडून दिलेल्या खाणींच्या काठानेच फिरत असतो. माथ्यावरच्या कातळात कोरलेली पाण्याची टाकी या दगडाच्या खाणीही आहेत. त्यांच्याकडे त्या नजरेने पाहिले, तर आज डोंगरांच्या पायथ्याला खडीसाठी पडलेल्या खड्ड्यांत नेमके काय हुकले आहे ते स्पष्ट दिसते.

आधी साधा हिशेब मांडू. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर खोल टाके खोदले, तर 72 घनमीटर दगड निघतो, म्हणजे वजनाने सुमारे दोनशे टन. एवढ्या दगडात दीड मीटर जाड आणि तीन मीटर उंच तटाची 16 मीटर लांबी उभी राहते. त्याच खड्ड्यात पावसाळ्यानंतर 72 हजार लिटर पाणी साठते. पन्नास माणसांच्या शिबंदीला दरडोई रोजचे पाच लिटर धरले, तरी ते नऊ महिने पुरते. दगड पायथ्याहून वर चढवायचा म्हटले तर माणसे आणि जनावरे थकून जातात. टाके मात्र वरच्या वर दगडही देते आणि पाणीही. रायगडावरचा गंगासागर बांधकामासाठी दगड काढताना तयार झाला, असे इतिहासाचे अभ्यासक सांगतात ते याच न्यायाने. लळिंग चौदाव्या शतकाच्या अखेरीस खानदेशच्या फारुकी राज्यकर्त्यांच्या हाती होता. त्यांच्यापैकी मलिक राजाने थाळनेरहून राज्य केले आणि लळिंग थोरल्या मुलाला, नसीरखानाला दिला. ज्या डोंगराला नदी नाही, तिथे राजपुत्राचे ठाणे बसवायचे तर माथ्यावरच्या पाण्याची सोय आधी लागते.

यावर पहिला आक्षेप असा की टाकी पाण्यासाठीच खोदली गेली, दगड हा केवळ निघालेला राडारोडा. दुसरा आक्षेप आकड्यांचा. एका टाक्यातून 16 मीटर तट होत असेल, तर शेकडो मीटरचा तट कुठून आला? दुसरा आक्षेप अगदी रास्त आहे. टाक्यांच्या दगडावर सगळा किल्ला उभा राहिला, असे म्हणता येणार नाही. कडे तासताना निघालेला दगड, माथ्यावर सुटे पडलेले धोंडे, चुन्यातला भराव, हे सगळे त्यात आले. अनेक गडांवर तर टाकी तटाहून कितीतरी जुनी आहेत. पण पहिल्या आक्षेपात माझ्या म्हणण्याला बाधा आणणारे काही नाही, उलट त्याने बळच येते. पाणी हा मुख्य हेतू असेल, तर खड्डा कुठे, किती खोल आणि कोणत्या थरात घ्यायचा, हे छिन्नीचा पहिला घाव बसण्याआधीच ठरलेले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाची जागा निवडताना आधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत आणि एकाच झऱ्यावर विसंबू नये, असे बजावले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेला हा उपदेश त्याआधीच्या अनेक पिढ्यांच्या अनुभवावर बेतलेला असणार.

कातळ वाचण्याची ही विद्या चाळीसगावजवळ अधिक स्पष्ट दिसते. पाटणादेवीहून गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या जंगलातून वर जाणारी पायवाट पितळखोऱ्याच्या लेण्यांशी पोचते. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासूनचे हे खोदकाम आहे. इथला खडक एकसारखा नाही. लाव्ह्याचा घट्ट थर पाणी धरतो, पण सच्छिद्र थरातून आणि दोन थरांच्या सांध्यातून ते झिरपते. पितळखोऱ्याच्या कारागिरांनी हे ओळखून खडकाच्या आतून पन्हळी काढल्या आणि झिरपलेले पाणी नागाच्या कोरीव फण्यांतून बाहेर सोडले. लेण्यांचा दर्शनी भाग पुढे बराच ढासळला, म्हणजे त्यांचा अंदाज सगळीकडे बरोबर ठरला नाही. पण पाण्याचा विचार खोदकामाच्या आराखड्यातच होता, हे त्या नागफण्या पाहिल्यावर नाकारता येत नाही. गडांवरची खांबटाकीही त्याच विचाराची. जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात पारा 44 अंशांच्या पुढे जातो, तिथे उघड्या पाण्याची वाफ होऊन जाते. कड्याच्या पोटात खांब राखून खोदलेल्या टाक्यातले पाणी सावलीत टिकते.

आता पायथ्याकडे पाहू. रस्ते आणि इमारतींसाठी खडी लागते, ती याच कातळातून येते, आणि तिला विरोध करण्यात अर्थ नाही. दुःख याचे होते की दगड संपला की खाण जशी असेल तशी टाकून दिली जाते. उभ्या कडांचा खड्डा, तळाशी गाळ, कठडा नाही, उतरायला वाट नाही. पावसाळ्यानंतर त्यात पाणी साचते आणि पोहायला उतरलेली मुले बुडतात. गावाला पाणी हवे असते आणि गावाच्या हद्दीत पाणी असतेही, पण ते कोणाच्या उपयोगाचे नसते. यावर कोणी म्हणेल की छिन्नी-सुतकीने काढलेल्या टाक्याची आणि सुरुंगाने फोडलेल्या खाणीची तुलनाच चुकीची. सुरुंगाने खडकाला तडे जातात, पाणी गळून जाते, आणि उरते ते पिण्याजोगे नसते. तडे जातात हे खरे. मात्र गळून गेलेले पाणी भूगर्भात उतरते आणि आसपासच्या विहिरींना मिळू शकते, आणि ज्या खाणीत पाणी टिकते तिथून निदान जनावरांची आणि शेतीची सोय होते. कोणती खाण कशासाठी योग्य, हे भूजलाचा जाणकार खोदकाम सुरू होण्यापूर्वी सांगू शकतो. अट एवढीच की ते त्याला तेव्हा विचारले गेले पाहिजे.

विचारण्याची जागाही कायद्याने दिली आहे. 2012 साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज खाणींनाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली. पुढे 2015 च्या कायदा दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले, आणि पिण्याचे पाणी हा त्याच्या निधीच्या अग्रक्रमाचा विषय आहे. तेव्हा परवानगीच्या अर्जातच शेवटच्या वर्षीचा खड्डा आराखड्यात काढून दाखवायला लावता येईल: एका बाजूला उतरती कड, पावसाचे पाणी आत घेणारा चर, गाळ अडवणारा खड्डा, भोवती कुंपण. खर्च परवडणार नाही, ही खाणवाल्यांची तक्रार शेवटी यंत्रे पुन्हा आणून कड तोडायची असेल तर खरी आहे. तीच कड दगड काढता काढता उतरती ठेवली, तर यंत्र तिथेच असते आणि निघालेला दगडही विकला जातो.