नोंदी आपल्याच सर्व्हरवर

देवणी म्हटले की तिथला गोवंश आणि त्याचे प्रकार आठवतात: वानेरा, बालंक्या, शेवरा. पशुपालकांच्या गटाला त्याची वंशावळ, लसीकरण आणि कामांची वाटणी एकत्र ठेवायची असेल, तर परक्या कंपनीची भाड्याची सेवा घ्यायलाच हवी असे नाही.

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ‘ईआरपीनेक्स्ट’ हे सॉफ्टवेअर खुल्या परवान्याचे आहे. रुषभ मेहता यांनी ही कंपनी 2008 मध्ये सुरू केली. हिशेबाबरोबर प्रकल्प आणि कामांचा विभागही त्यात आहे, आणि आपल्या लिनक्स सर्व्हरवर ते कोणालाही बसवता येते.

नोंदी मारियाडीबी या डेटाबेसमध्ये साठतात. रेडिस मागे चालणाऱ्या कामांची रांग सांभाळते, एनजिनएक्स ब्राउझरची मागणी आत पोचवते. या सगळ्यांना जोडते ती ‘बेंच’ ही साधनप्रणाली. ती सर्वाधिकार असलेल्या रूट खात्यातून चालवू नये. वेगळे खाते उघडावे. ही शिस्त कंटाळवाणी वाटते, पण सर्व्हरची सुरक्षा तिच्यावरच उभी असते.

खरी काळजी बॅकअपची. ‘बेंच’चा साधा बॅकअप फक्त डेटाबेसचा असतो आणि त्याच यंत्रावर पडून राहतो. जनावरांचे फोटो हवे असतील तर फायलींसह बॅकअप घेण्याचा पर्याय आज्ञेत जोडावा लागतो, आणि ती प्रत दुसऱ्या यंत्रावर हलवावी लागते.