सोळा पिढ्या, एक लाख एकतीस हजार पूर्वज

इंग्लंडमध्ये आपल्या घराण्याचा माग काढणारा माणूस १८३७पर्यंत फारसा अडखळत नाही. त्या वर्षीच्या १ जुलैपासून जन्म, विवाह आणि मृत्यूची नोंद सरकार ठेवू लागले, त्यामुळे दाखला मागितला की मिळतो. त्याच्या मागे मात्र सरकारी दाखले नाहीत. आहेत त्या गावोगावच्या चर्चमधल्या वह्या, आणि त्या उघडल्या की आकडे अंगावर येऊ लागतात.

या वह्या एका हुकुमातून निघाल्या. राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने सप्टेंबर १५३८मध्ये फर्मावले, की प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीने, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद दर आठवड्याला करावी आणि वही कुलपाच्या पेटीत ठेवावी. राजा आता जन्मामरणावरही कर बसवणार, असा संशय लोकांनी घेतला. तो दीडशे वर्षांनी खरा ठरला. १६९५पासून दहाएक वर्षे जन्माला किमान २ शिलिंग आणि दफनाला ४ शिलिंग कर होता. १७८३मध्ये पुन्हा दर नोंदीमागे ३ पेन्स लागले. गरिबांना त्यातून सूट होती.

असे पॅरिश देशभरात १० हजारांच्या घरात. १५३८ ते १८३७ या ३०० वर्षांत त्यांनी किती ओळी लिहिल्या असतील? ढोबळ हिशेब मांडून पाहू. १५४१मध्ये इंग्लंडची लोकसंख्या २८ लाखांच्या आसपास होती आणि १८०१मध्ये ती ८६ लाखांच्या पुढे गेली होती. अख्ख्या काळाची सरासरी साधारण ५८ लाख धरली आणि दर हजारी वर्षाला ३३ जन्म मोजले, तर बाप्तिस्मेच साडेपाच कोटींच्या वर जातात. त्यात दफने आणि लग्ने मिळवली की बेरीज १० ते ११ कोटींवर येते. एक ओळ वाचायला १० सेकंद लागतात असे मानले, तर न झोपता, न जेवता ३५ वर्षे. रोज आठ तास बसणाऱ्याला शंभरावर वर्षे लागतील.

यातली गंमत अशी, की वरचा २८ लाखांचा अंदाज याच वह्यांमधून आला आहे. केंब्रिजच्या अभ्यासकांनी ४०४ पॅरिशच्या नोंदी महिनावार मोजून घेतल्या. मोजणारे बहुतेक गावोगावचे हौशी स्वयंसेवक होते. त्यावरून रिग्ली आणि स्कोफील्ड यांनी १९८१मध्ये तीन शतकांची लोकसंख्या उभी केली. जन्ममृत्यूची सरकारी व्यवस्था नव्हती तेव्हाच्या देशाची ही जनगणना पाद्र्यांच्या हस्ताक्षरातून झाली. मला या सगळ्या खटाटोपातली सर्वांत थोर गोष्ट हीच वाटते.

अर्थात लिहिलेले सगळे टिकले नाही. उंदीर, ओल, आग आणि यादवी युद्ध यांनी आपापला वाटा नेला, पण एक मोठे भगदाड निव्वळ शब्दयोजनेने पाडले. सुरुवातीच्या वह्या साध्या कागदाच्या होत्या. त्या चर्मपत्रावर उतरवून काढाव्यात असा आदेश १५९८मध्ये निघाला आणि त्यात ‘विशेषतः एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणापासून’ अशी पुस्ती जोडली गेली. राणी गादीवर आली १५५८मध्ये. कंटाळलेल्या पाद्र्यांना तेवढे पुरले. कित्येकांनी आधीची २० वर्षे गाळूनच नक्कल केली. स्ट्रॅटफर्डच्या वहीत २६ एप्रिल १५६४ या तारखेला शेक्सपिअरच्या बाप्तिस्म्याची जी जगप्रसिद्ध नोंद आहे, ती मूळ नव्हे, अशाच नकलेतली आहे. त्याच वर्षीच्या जुलैत एका दफनाशेजारी ‘प्लेग सुरू झाला’ अशा अर्थाचा लॅटिन शेरा आहे. तीन महिन्यांचे ते पोर वाचले.

कायदे करणाऱ्यांचेही कधीकधी भान सुटे. १८१२च्या कायद्याने छापील रकान्यांच्या वह्या सक्तीच्या केल्या. खोटी नोंद करणाऱ्याला १४ वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा ठरली. पुढच्या एका कलमात म्हटले, की या कायद्याखालच्या दंडाचा निम्मा भाग खबर देणाऱ्याला आणि निम्मा गावातल्या गोरगरिबांना द्यावा. कायद्यात दुसरा दंडच नव्हता. म्हणजे सात वर्षे खबऱ्याने भोगायची आणि सात गरिबांनी वाटून घ्यायची!

आता शोधणाऱ्याची बाजू. १७००च्या सुमारास साधारण निम्म्या मुलग्यांची नावे जॉन, विल्यम आणि थॉमस या तिघांत आटोपत. एक जॉन लहानपणीच गेला, की पुढच्या मुलाला तेच नाव ठेवण्याची रीत होती. त्यात वर्ष २५ मार्चला बदलायचे, तेही थेट १७५२पर्यंत. वहीत लग्न एप्रिल १६९९चे आणि मुलाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १६९९चा दिसला, तर घाईने कोणावर शिंतोडे उडवू नयेत. तो फेब्रुवारी लग्नानंतर दहा महिन्यांनी आलेला आहे.

अशा गोतावळ्यातून ‘हाच तो जॉन’ असे ठरवायचे. प्रत्येक पायरीवर ९० टक्के खात्री आहे असे धरू. हे प्रमाण चांगलेच म्हणायचे. दहा पायऱ्यांनंतर सगळी साखळी बरोबर असण्याची शक्यता ३५ टक्के उरते, सोळांनंतर १८-१९. प्रत्येक दुव्याची खात्री ९५ टक्के असली तरी दहाव्या पायरीला ६० टक्केच. शिवाय वहीतला बाप हाच खरा बाप, हेही गृहीतच. पश्चिम युरोपातल्या जनुकीय अभ्यासांनी तिथली चूक पिढीमागे सुमारे १ टक्का काढली आहे. ऐकायला मामुली वाटते, पण सोळा पिढ्यांत ती १५ टक्क्यांपर्यंत जाते.

काही जण वहीतून नाहीसेच होतात. बाप्तिस्मा सापडतो, पुढे ना लग्न ना दफन. त्यांतले काही मुंबईत निघतात. मुंबई इलाख्यातल्या चर्चमधल्या नोंदींच्या नकला १७०९पासूनच्या लंडनला जपलेल्या आहेत आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

सर्वांत चक्रावणारे गणित मात्र वह्यांच्या बाहेर आहे. आई-बाप दोन, आजी-आजोबा चार, पणजी-पणजोबा आठ. पिढी ३० वर्षांची धरली, तर आजपासून क्रॉमवेलच्या हुकुमापर्यंत सोळा पिढ्या होतात. सोळाव्या पिढीत ६५,५३६ जागा येतात आणि मधल्या सगळ्या पिढ्यांची बेरीज १,३१,०७०. बापाचा बाप, त्याचा बाप असे आडनाव धरून वर गेलेल्या माणसाला सगळे बिनचूक सापडले, तरी त्याच्या हाती यातले सोळा जण लागतात, म्हणजे ८,१९२मध्ये एक. आपल्याकडचे जाडजूड कुलवृत्तांतही सहसा पुरुषांच्याच वाटेने चालतात, त्यामुळे त्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

आणखी सहा पिढ्या वर गेले, की आपण तिसऱ्या एडवर्डच्या राज्यात, १३६०च्या सुमारास पोहोचतो. बाविसाव्या पिढीच्या जागा ४१,९४,३०४. मोठ्या प्लेगनंतरच्या त्या इंग्लंडमध्ये एवढी माणसेच नव्हती. तीस लाखही नव्हती. तेव्हा एकच माणूस अनेक जागांवर बसलेला असणार, आणि तसा तो बसतोच, कारण दूरच्या भावंडांची लग्ने पिढ्यान्‌पिढ्या नकळत एकमेकांत होत आली. अनुवंशशास्त्रावर लिहिणारा ॲडम रदरफर्ड म्हणतो, की इंग्रज पूर्वज असलेला आजचा जवळजवळ प्रत्येक माणूस या तिसऱ्या एडवर्डचा वंशज आहे. राजघराण्याशी नाते सापडले म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी हे जरूर वाचावे. त्याच हिशेबाने, एडवर्डच्या घोड्यांना खरारा करणाऱ्याची वेल टिकली असेल, तर हे सगळे त्याचेही वंशज ठरतात. फक्त त्याचे नाव कुठल्याच पॅरिशच्या वहीत मिळायचे नाही, कारण तो पावणेदोनशे वर्षे आधी होऊन गेला.