शब्दाचेही निदान हवे

नाडी पाहून, जीभ पाहून, छातीला नळी लावून आपण रोगाचा माग काढतो. परंतु या साऱ्याच्या आधी रुग्णाचा किंवा त्याच्या नातलगाचा एखादा शब्द आपल्या कानी पडलेला असतो आणि पुढील तपासणीची दिशा पुष्कळदा तोच ठरवतो. त्या शब्दाचा अर्थच चुकला तर काय होते, याचे उदाहरण जानेवारी १९८० मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात घडले.

अठरा वर्षांचा, बेसबॉल खेळणारा धडधाकट तरुण. एकाएकी त्याचे डोके दुखू लागले आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपली. कुटुंब मूळचे क्यूबाचे, घरची भाषा स्पॅनिश. खाल्लेले हॅम्बर्गर त्याला बाधले असावे, अशी घरच्यांची समजूत झाली. रुग्णालयात त्यांनी सांगितले, 'इन्तोक्सिकादो'. क्यूबाच्या बोलीत याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलेला. ऐकणाऱ्यांच्या मनात मात्र इंग्रजी 'इन्टॉक्सिकेटेड' हा शब्द उमटला, म्हणजे नशेत असलेला. परस्परांचे बोलणे कळले असे दोन्ही बाजूंस वाटल्याने दुभाषी बोलावण्याची गरज कोणास भासली नाही. मादक पदार्थांचे अतिसेवन समजून उपचार चालू राहिले. मेंदूतील रक्तस्राव लक्षात येईपर्यंत दोन दिवस उलटले होते. तरुणाचे दोन्ही हात व दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. पुढे दाव्यात तडजोड झाली. त्याच्या आयुष्यभराच्या शुश्रूषेसाठी ठरलेली रक्कम होती सुमारे ७ कोटी १० लाख डॉलर.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरच्यांचा तर्कही चुकीचाच होता. परंतु 'अन्न बाधले' एवढेच डॉक्टरांना कळले असते, तर अन्नबाधेने एवढी गाढ बेशुद्धी कशी, हा प्रश्न त्यांना पडला असता. चुकीच्या अर्थाने तो प्रश्नच पुसून टाकला.

इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये जाताना हाच धोका उलट दिशेने उभा राहतो. आपल्या रोजच्या वापरातील 'डिस्चार्ज' हा शब्द घ्या. रुग्णाला घरी सोडणे हा अर्थ असेल तर स्पॅनिशमध्ये 'आल्ता'. जखमेतून किंवा डोळ्यातून येणारा स्राव असेल तर 'सेक्रेसिओन'. स्त्रीरोगाच्या संदर्भात 'फ्लूहो'. आणि विजेचा झटका असेल तर 'देस्कार्गा'. नवख्या अनुवादकाला ध्वनिसाम्यामुळे शेवटचा शब्दच सर्वप्रथम सुचतो आणि बहुतेक ठिकाणी नेमका तोच चुकीचा ठरतो.

'ड्रग' या शब्दाचेही तसेच. औषध म्हणायचे तर 'मेदिकामेन्तो' किंवा 'फार्माको' म्हणावे. 'द्रोगा' म्हटले की बहुतेक स्पॅनिशभाषकांना मादक पदार्थच आठवतो. 'कोणते द्रोगा घेता?' या प्रश्नाला रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा सत्शील गृहस्थ दुखावून 'मुळीच नाही' असे उत्तर देईल. आणि कोलंबियात मात्र औषधाच्या दुकानालाच 'द्रोगेरिआ' म्हणतात! म्हणजे अर्थ कळला तरी रुग्ण कोणत्या देशाचा, हे विचारणे उरतेच.

सर्वांत भयंकर शब्द मात्र अगदी साधा आहे. दिवसातून एकदा, या अर्थाचा इंग्रजी 'वन्स' ज्या चार अक्षरांनी लिहितात, त्याच अक्षरांचा स्पॅनिश शब्द 'ओन्से', म्हणजे अकरा. औषधाच्या चिठ्ठीवर तो तसाच राहिला, तर एका गोळीच्या जागी अकरा गोळ्यांची सूचना वाचली जाऊ शकते. तेथे 'उना वेस', म्हणजे एक वेळ, असेच लिहावयास हवे.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. आपल्या इंदूर परिसरात मराठी, हिंदी व माळवी बोलणारे रुग्ण एकाच बाकावर बसलेले असतात. आजी म्हणतात 'जुलाब झाले', आणि हिंदीत रेचक औषधालाही जुलाबच म्हणतात. खेड्यातून रात्री आणलेल्या मुलाबद्दल भाऊ सांगतो, 'त्याने औषध घेतले.' ते तापाचे औषध की पिकावर फवारायचे? शेतकरी घरात दोहोंना एकच शब्द आहे, आणि उत्तर कळेपर्यंत दवडलेली मिनिटे परत मिळत नाहीत.

उपाय साधा आहे. शब्द ओळखीचा वाटला की क्षणभर थांबावे. 'म्हणजे नेमके काय झाले?' असे विचारावे. काय खाल्ले, काय प्यायले, बाटली कोठे आहे, हे वदवून घ्यावे. आपण दिलेली सूचना रुग्णाकडून त्याच्याच शब्दांत पुन्हा ऐकावी. भाषा येत नसेल तर जाणकार दुभाष्याची वाट पाहण्यात कमीपणा मानू नये.

अनोळखी शब्द आपल्याला सावध करतो. घात करतो तो ओळखीचा वाटणारा. रोगाचे निदान करण्यापूर्वी त्या शब्दाचे निदान करण्याची सवय आपण सर्वांनी लावून घ्यावी, एवढीच व्यवसायबंधूंना नम्र विनंती.