पूररेषा, घनकचरा नियम आणि लोकसहभाग : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

भंडारा जिल्हा ‘तलावांचा जिल्हा’ म्हणून ओळखला जातो. तथापि जिल्ह्याच्या लोकजीवनाला आकार दिला तो प्रामुख्याने वैनगंगेने. ऑगस्ट २०२० च्या अखेरच्या दिवसांत या नदीने आपले दुसरे रूप दाखविले. मध्य प्रदेशात झालेली अतिवृष्टी आणि सिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून सोडण्यात आलेले पाणी यांमुळे वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि खाली पवनी तालुक्यातील गोसीखुर्द धरणाचे सर्व ३३ दरवाजे उघडावे लागले. पूर ओसरतो तेव्हा घराघरांत गाळ राहतो आणि गाळाबरोबर कचराही राहतो. नाल्यात टाकलेले, नदीकाठी लोटलेले, उघड्यावर साठविलेले सारे पाणी परत आणून देते. पूरग्रस्ताच्या दृष्टीने पूर आणि कचरा हे दोन विषय नाहीत. शासनाच्या दप्तरी मात्र ते दोन आहेत. पूररेषा जलसंपदा विभागाकडे, तर घनकचरा पर्यावरण व नगरविकास या विभागांकडे. या दोन्ही क्षेत्रांतील नियम वेळोवेळी बदलतात. ते बदलत असताना सामान्य नागरिकाला नेमक्या कोणत्या टप्प्यावर बोलता येते आणि कोणत्या टप्प्यावर येत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूररेषा म्हणजे काय

महाराष्ट्रात पूररेषा आखण्याचा मूळ आधार पाटबंधारे विभागाचे १९८९ चे परिपत्रक हा आहे. २०१८ मध्ये त्याविषयी सुधारित सूचना देण्यात आल्या. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी दर्शविणारी ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. नदीपात्र आणि निळी रेषा यांमधील क्षेत्र निषिद्ध, तर निळ्या व लाल रेषेमधील क्षेत्र नियंत्रित मानले जाते.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दप्रयोगाने सुशिक्षितांचाही गैरसमज होतो. एकदा पूर येऊन गेला की पुढील २५ वर्षे निश्चिंती, असा त्याचा अर्थ नाही. अशा पुराची शक्यता दरवर्षी ४ टक्के असते. आज पूर येऊन गेला तरी पुढील वर्षी ती तेवढीच राहते. गृहकर्जाची मुदत ३० वर्षांची धरली, तर तेवढ्या काळात निळ्या रेषेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे ७१ टक्के आणि लाल रेषेपर्यंत येण्याची सुमारे २६ टक्के होते. हे साधे गणित पूररेषेच्या नकाशाखाली छापले असते, तर नदीकाठच्या भूखंडांचे अनेक व्यवहार कदाचित वेगळे झाले असते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली. तिच्या तरतुदीनुसार निळ्या व लाल रेषेमधील क्षेत्रात बांधकामास परवानगी देता येते. अट अशी की, जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच असावी. म्हणजेच लाल रेषा ही केवळ नकाशावरची खूण राहत नाही, तिच्यावरून घराचे जोते ठरते. लाल रेषेची पातळी निश्चित करताना अर्ध्या मीटरची चूक झाली, तर नियमानुसार बांधलेल्या घरातही पाणी शिरेल आणि त्या घरमालकाच्या हाती मंजूर नकाशाखेरीज काही उरणार नाही.

भंडारा शहराच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. शहर गोसीखुर्द धरणाच्या वरच्या बाजूस आहे. धरणाची पूर्ण संचय पातळी २४५.५ मीटर आहे. जलाशय भरलेला असताना नदीला पूर आल्यास पाण्याचा निचरा मंदावतो आणि फुगवटा मागे सरकतो. अशा ठिकाणी केवळ नदीच्या विसर्गावरून काढलेली रेषा पुरेशी ठरत नाही. जलाशयाची पातळी किती गृहीत धरली, हेही पाहावे लागते. ‘ही रेषा जलाशय पूर्ण भरलेला धरून काढली आहे काय?’ असा एका ओळीचा प्रश्न गणेशपूर किंवा भोजापूर येथील रहिवाशाने विचारला, तर तो तांत्रिक बाबींत लुडबूड करतो असे म्हणता येणार नाही.

हा प्रश्न विचारायचा कोठे?

येथेच मूळ अडचण आहे. परिपत्रक हे प्रशासनांतर्गत सूचनेचे साधन होय. त्याचा मसुदा प्रसिद्ध करून जनतेची मते मागविण्याचे कायदेशीर बंधन नसते. शासन निर्णयाचीही स्थिती तशीच. राज्याच्या पर्यावरण विभागाने २००० मध्ये नदी नियमन क्षेत्राचे धोरण आणले होते. नद्यांची वर्गवारी करून पात्रापासून ठरावीक अंतरापर्यंत प्रदूषणकारी उद्योगांना मज्जाव करणे, हा त्याचा आशय. २००९ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि २०१५ मध्ये ते रद्द करण्यात आले. उद्योगांना त्याचा जाच होत होता आणि जलप्रदूषणाचा स्वतंत्र कायदा असताना त्याची आवश्यकता नव्हती, ही बाजू विचारात घेतली तरी एक गोष्ट उरते. पंधरा वर्षे लागू असलेले, नदीकाठच्या प्रत्येक गावाशी संबंधित असे धोरण कायद्याच्या स्वरूपात नव्हते. म्हणून ते आणताना, बदलताना आणि काढून घेताना गावांचे म्हणणे मागविण्याची सक्ती कोणावरही नव्हती.

नगररचनेचा मार्ग याहून वेगळा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागवाव्या लागतात. कलम ३७ (१कक) नुसार शासन स्वतःहून तातडीचा फेरबदल करीत असले तरी राजपत्रात सूचना, एक महिन्यापर्यंतची मुदत आणि हरकतदाराचे म्हणणे ऐकणे या पायऱ्या आहेत. अर्थात पूररेषेची आखणी पाटबंधारे खात्याच्या कार्यालयात होते आणि विकास योजनेत ती तयार रेषा म्हणून उतरते. नागरिकाला हरकत घेता येते ती योजनेवर. रेषेमागील गणित त्याच्यापुढे ठेवले जात नाही. सुनावणी घेणारा अधिकारीही ‘ही बाब जलसंपदा विभागाची’ असे उत्तर देऊ शकतो आणि ते चुकीचे नसते.

घनकचरा नियमांची प्रक्रिया

कचऱ्याच्या बाबतीत परिस्थिती वरकरणी बरी आहे. महानगरपालिका घनकचरा नियम, २००० च्या जागी आलेले घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये केलेले केंद्रीय नियम होत. त्यांचा मसुदा २०१५ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध होऊन साठ दिवसांत हरकती मागविण्यात आल्या होत्या. पुढे २०१६ च्या नियमांची जागा घेण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्येही नवा मसुदा प्रसिद्ध झाला.

पण साठ दिवसांचे दार उघडे असूनही त्यातून आत जाणारा माणूस बहुधा महानगरातला असतो. याचे एक कारण भाषा हे आहे. केंद्रीय राजपत्र हिंदी व इंग्रजीत निघते. मोहाडी किंवा लाखांदूर तालुक्यातील ग्रामपंचायत सदस्याला मराठीत मसुदा मिळण्याची सोय नसते. २०२० मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत भाषांतर करण्याचा आदेश दिला आणि हरकतींची मुदत ११ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढविली, तेव्हा हा प्रश्न देशपातळीवर चर्चेला आला. यातील विसंगती लक्षणीय आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल, तर अहवालाचा सारांश राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत द्यावा लागतो आणि किमान तीस दिवस आधी प्रादेशिक भाषेतील दैनिकातही सूचना द्यावी लागते. एका प्रकल्पासाठी मराठी अनिवार्य. ज्या नियमाखाली असे शेकडो प्रकल्प येणार त्या नियमाच्या मसुद्यासाठी ती नाही.

दुसरे कारण संस्थात्मक आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने आणलेल्या प्रभाग समित्या तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या नगरांनाच बंधनकारक आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार भंडारा शहराची लोकसंख्या ९१,८४५ होती. त्यामुळे येथील नागरिकाला वार्डाच्या पातळीवर एकत्र बसून मसुद्यावर चर्चा करण्याचे घटनादत्त व्यासपीठच नाही. खेड्यातल्या माणसाला निदान ग्रामसभा आहे. मध्यम शहरातला नागरिक या बाबतीत खेडुतापेक्षा दुबळा आहे, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

दोन नियम एकमेकांना भेटतात तेथे

२०१६ च्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत क्षेपणभूमीच्या जागेविषयी निकष दिले होते. नदीपासून १०० मीटर, तलावापासून २०० मीटर, वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर अंतर हवे. शिवाय गेल्या शंभर वर्षांत नोंदल्या गेलेल्या पूरक्षेत्रात क्षेपणभूमी नसावी.

हे निकष भंडाऱ्याच्या नकाशावर ठेवून पाहावेत. जिल्ह्यात पावलोपावली बोडी आणि तलाव आहेत. त्यांतील बरेच तलाव पूर्वी मालगुजारांच्या ताब्यात होते. कोहळी समाजाने या भागात तलाव बांधण्याची जी परंपरा निर्माण केली, तिचा हा वारसा आहे. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात येऊन हे तलाव शासनाकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’, बोलीत ‘मामा तलाव’, म्हणून ओळखले जाऊ लागले. प्रत्येक तलावाभोवती २०० मीटरचे वर्तुळ काढले, नदी-नाल्यांचे पट्टे वगळले आणि पूरक्षेत्र बाजूला केले, तर नगरपरिषदेपुढे निवडीला फार थोडी जमीन उरते. जागा मिळत नाही ही नगरपरिषदांची तक्रार म्हणूनच पूर्णपणे निराधार म्हणता येत नाही.

मात्र यातील ‘नोंदल्या गेलेल्या’ हा शब्द कळीचा आहे. शंभर वर्षांचे पूरक्षेत्र नोंदले कोणी? मोठ्या नदीवरील मोजणी केंद्रांजवळच्या नोंदी असतात. ओढ्याकाठच्या गावाजवळच्या सहसा नसतात. तेथे पाणी कोठपर्यंत आले होते हे सांगणारे साधन म्हणजे गावातील वृद्धांची स्मृती, मंदिराची पायरी, जुन्या वाड्याची भिंत. नोंद नाही म्हणून पूरक्षेत्र नाही आणि पूरक्षेत्र नाही म्हणून क्षेपणभूमीस हरकत नाही, असा निष्कर्ष कागदावर निर्दोष दिसतो. पुढच्या पुरात तो वाहून येतो. लोकसहभागाकडे केवळ लोकशाहीचे सौजन्य म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे आहे. पुराच्या बाबतीत लोकांचे सांगणे हा पुरावा आहे, आणि अनेक ठिकाणी तो एकमेव पुरावा आहे.

या प्रदेशाला अशी नोंद परकी नाही. जुन्या मध्य प्रांतात गावकऱ्यांचे पाणी, चराई, वाटा यांवरील वहिवाटीचे हक्क ‘निस्तार पत्रका’त व ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहिले जात. गावाने सांगितलेली रूढी सरकारी दस्तऐवज होत असे. ती महसुलाच्या सोयीसाठी केलेली व्यवस्था होती आणि गावातील सर्वांचा आवाज तीत सारखा उमटला असेल असे मानण्याचे कारण नाही; परंतु तोंडी माहितीला अभिलेखाचा दर्जा देण्याची रीत या मातीत होती, एवढे तीवरून दिसते.

जिल्ह्याबाहेरून येणारे पाणी

सहभागाची आणखी एक मर्यादा भंडाऱ्याला विशेषत्वाने जाणवते. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि अंभोऱ्याच्या संगमाजवळ वैनगंगेला मिळते. तेथून ते गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. नाग नदीच्या प्रदूषणनिवारणाचा १,९०० कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा प्रकल्प हाती घेण्यात आला असून डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा शुभारंभ झाला. नागपूरने कचरा व सांडपाणी यांविषयी कोणताही निर्णय घेतला तरी त्याचे परिणाम भंडाऱ्याच्या पाणीपुरवठ्यावर आणि मच्छीमारांवर होतात. पण हरकतींची सूचना प्रामुख्याने त्या त्या नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीला उद्देशून निघते. नदी हद्द मानत नाही. संजय सरोवर तर दुसऱ्या राज्यात आहे.

महाविद्यालयांचे स्थान

हरकत विचारात घेतली जाते ती तिच्या आवाजामुळे नव्हे, तर तिच्यातील माहितीमुळे. ‘आमच्या भागात पूर येतो’ या वाक्याला अधिकारी उत्तर देऊ शकत नाही आणि देण्याची गरजही नसते. याउलट गट क्रमांक, तारीख, जमिनीपासून पाण्याची मोजलेली उंची, समुद्रसपाटीपासूनची पातळी आणि छायाचित्र असेल, तर ती हरकत फेटाळताना कारण लिहावे लागते. ही माहिती तयार करण्याची साधने जिल्ह्यातील महाविद्यालयांत आहेत. भूगोल विभागाकडे सर्वेक्षणाची उपकरणे असतात, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी गावात भरतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पदवी स्तरावर पर्यावरण अभ्यास अनिवार्य झाला आहे. त्यातील प्रकल्पवह्या बहुतांशी एकमेकींवरून उतरविल्या जातात, हे अध्यापकवर्गाला सांगावयास नको.

त्याच वह्यांत एका गावाची पूरखूण, त्या गावातील उकिरड्याची व कचरा टाकण्याच्या जागेची उंची आणि जवळच्या तलावापासूनचे अंतर आले, तर पुढील मसुद्याच्या वेळी साठ किंवा तीस दिवसांत नव्याने काही शोधावे लागणार नाही. मराठी विभागाकडून मसुद्याचे भाषांतर होऊ शकते. राज्यशास्त्राचे विद्यार्थी ते ग्रामसभेत वाचून दाखवू शकतात. काम मोठे नाही, पण त्याला मुदत आहे. २०२० च्या पुराने भिंतींवर सोडलेल्या रेषा दिवाळीच्या रंगकामाखाली दरवर्षी थोड्या थोड्या नाहीशा होत आहेत.