सुट्टीत फोन कुणाचा घ्यायचा?

रजेच्या अर्जावर साहेबांची सही झाली की आपल्याला वाटतं, सुट्टी मिळाली. मिळालेली असते ती फक्त परवानगी. सुट्टी खरोखर मिळणार की नाही, हे निघण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत ठरतं.

आमच्या पतसंस्थेत कर्ज विभागात आम्ही तिघी. एकीची रजा म्हणजे बाकीच्या दोघींच्या टेबलावर तिच्या फायली. गेल्या मे महिन्यात आमच्यातली एक आईला घेऊन तुळजापूरला गेली होती. आई पंचाहत्तरीची, गुडघे धरलेले, असा प्रवास पुन्हा होईल-न होईल. देवळात उतरायला पायऱ्या किती, ते गेलेल्यांना ठाऊक आहे. नेमका तिथेच फोन. सोनेतारणाचं एक पाकीट कुठल्या रजिस्टरला चढवलंय? मग दुसरा, तिसरा. लेक कानाला मोबाईल लावून उभी, आणि म्हातारी कठड्याला धरून एकेक पायरी उतरतेय. परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "आईचा हात धरायला गेले होते गं." आम्हा दोघींना पुढे बोलवेना.

फोन करणारी काही दुष्ट नसते हो. काउंटरवर माणूस ताटकळत उभा, ती तरी काय करणार? पण त्या दिवशीचे प्रश्न आठवून पाहिले, तर बहुतेकांची उत्तरं आधी लिहून ठेवता आली असती. फाईल कुठल्या कपाटात, नूतनीकरण कुणाचं राहिलंय, कुठल्या खातेदाराला काय शब्द दिलाय. आता आम्ही साधी दोनशेपानी वही केलीय. जिची रजा, तिनं आठवडाभर आधीपासून त्यात लिहायचं आणि शेवटच्या दिवशी अर्धा तास बसून दुसरीला तोंडीही सांगायचं. हा अर्धा तास साहेबांसमोर झाला तर उत्तमच. म्हणजे "मला माहीतच नव्हतं" म्हणायला कुणाला जागा राहत नाही.

मग ठरवायचं ते 'अर्जंट' म्हणजे काय. हा शब्द फार चावट आहे, ज्याला घाई त्याचं काम अर्जंट! आम्ही तो कागदावर आणला. ऑडिटर अचानक दारात आले, किंवा पैशाचा हिशेब जुळेना, तर फोन. बाकी सगळं संध्याकाळी सहा ते साडेसहा, तेही मेसेजवर. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा आवाज आठवडाभर बंद ठेवता येतो, तो ठेवायचा. मात्र "मी बघणार नाहीये" असं ग्रुपवर आधी लिहायचं. न सांगता गप्प बसलं की लोक रागावतात, सांगून गप्प बसलं की सोय करून घेतात.

खातेदारांनाही सांगून ठेवा. आणि एक युक्ती करा. सोमवारी हजर होणार असाल तर त्यांना मंगळवार सांगा. पहिला दिवस साचलेलं उपसण्यातच जातो.

"माझ्यावाचून चालतच नाही" असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी एक गंमत सांगते. नाजूक जबाबदारीवरच्या कर्मचाऱ्यांना दरवर्षी सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीनं रजेवर पाठवा, आणि तेही आधी न कळवता, असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये बँकांना सांगितलं. हेतू गैरव्यवहार उघडकीला यावेत हा, आपल्या विश्रांतीचा नव्हे! पण दहा दिवस माणूस नसला तरी बँक चालते, हे त्यात आलंच की.

अर्थात कापडाच्या दुकानात किंवा खासगी दवाखान्यात नोकरी करणारीला 'फोन करू नका' म्हणणं सोपं नाही, हे मलाही कळतं. पण राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, आणि वर्षभरात २४० दिवस काम केलेल्यांना दर वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा आहे. आपलं ठिकाण त्या कायद्यात बसतं का, एवढं तरी विचारून घ्या. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क असावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयकही मांडलं होतं.

आणि घरचं काय? रजा टाकली म्हटलं की "आता आहेसच घरी, तर गव्हाचं वाळवण उरकून घे", "माळा झाडून घे" सुरू होतं. ऑफिसला जसं आधी सांगितलं, तसं इथेही सांगायचं, आणि अगदी नाव घेऊन. "सुट्टीत मला मदत करा" या वाक्याला कुणी उठत नाही. "बुधवारी आणि गुरुवारी सकाळचा चहा-नाश्ता तुमच्याकडे" म्हटलं की निदान हू-चू तरी होते.

यातली परतफेड आमच्यात फार काटेकोर आहे. परवा दुसरी माहेरी गेली होती, तेव्हा एका जामीनदाराची सही सापडेना. मी दुपारभर तीन कपाटं उपसली, पण फोन केला नाही. सही वहीतल्या नोंदीप्रमाणे जिथं असायला हवी तिथंच होती, मीच वही नीट वाचायला कंटाळले होते, असं नाही बरं का! नोंद एका ओळीत होती आणि फाईल दुसऱ्या गठ्ठ्यात बांधली गेली होती. आता गठ्ठ्यावरही चिठ्ठी लावतो.

निघताना कपाटाची किल्ली पर्समध्येच राहिलेली नाही ना, तेवढं बघा. किल्लीसाठी आलेला फोन मात्र घ्यावाच लागतो.